दहाची सभा

मी सदाशिव पेठेतला माणूस. आमच्याकडे नियम हा विषय पाढ्यांच्या आधी शिकवतात. बोरढोणला ग्रामसेवक म्हणून हजर झालो तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभरात गाव सरळ करून दाखवीन. आता सात वर्षं झाली. मधे दोनदा माझी बदली निघाली आणि दोन्ही वेळा गावचे पुढारी हिंमतराव यांनी ती वरच्या वर फिरवली. कारण विचारलं तर म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं अक्षर लई चांगलं हाय."

बोरढोण हिंजवडीच्या मागच्या अंगाला आहे. टेकडीच्या पलीकडे कंपन्या, अलीकडे वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या, मुलांची हॉस्टेलं, मेस, आणि या सगळ्याच्या मधे सापडलेलं आमचं ग्रामपंचायत कार्यालय. कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी आठपासून आमच्या दारातून जातात आणि साडेदहापर्यंत दारातच असतात.

आता ग्रामसभेचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ग्रामसभेला आमच्याकडे शंभर मतदार हजर लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. शंभर जमले नाहीत तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला माणसांची अट नाही. ज्यानं हा नियम केला त्याचा हेतू चांगलाच असणार. एखाद वेळी लोक कमी पडले तर काम अडू नये. बोरढोणनं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. पहिल्या सभेला कुणी जायचंच नाही. दहाची सभा तहकूब व्हायला असते आणि अकराची सभा ठराव करायला असते, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तासाभरातच पुन्हा कशी भरते असं मला विचारू नका. तो रिवाज माझ्या आधीचा आहे.

दहाच्या सभेला तिघं असायचे. मी, शिपाई पोपट, आणि सरपंच दीपमालावहिनी. वहिनी हिंमतरावांच्या मंडळी. जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून तीन वर्षांपूर्वी सरपंच झाल्या. झाल्या म्हणजे, केल्या. दहाच्या सभेला हिंमतराव त्यांना गाडीतून सोडायचे आणि आपण चार मेंबर घेऊन हायवेवर मिसळ खायला जायचे. वहिनी खुर्चीत बसायच्या, मी पुढे केलेल्या पानावर सही करायच्या, मग उभं राहून एक वाक्य वाचायच्या: "गणपूर्तीअभावी आजची सभा तहकूब करण्यात येत आहे." समोर रिकाम्या सतरंज्या. पोपट टाळ्या वाजवायचा, का ते त्यालाच माहीत. अकराला हिंमतराव यायचे, वहिनी बाजूला सरकायच्या, आणि सभा सुरू व्हायची.

रजिस्टरातलं हे तहकुबीचं पान मी आदल्या दिवशी घरीच लिहून ठेवत असे. खोटं कशाला बोलू? सात वर्षांत एकदाही खाडाखोड करावी लागली नव्हती.

यंदा एक मेच्या सभेला एकच महत्त्वाचा विषय होता. नाक्यावरची जुनी शाळाखोली पाडून तिथं सेल्फी पॉइंट करणे. स्टीलची लाल अक्षरं: आधी आय, मग बदाम, मग बोरढोण. रात्री आतून दिवे. शेजारच्या दोन गावांनी केला होता आणि हिंमतरावांच्या ते फार मनाला लागलं होतं. "भाऊसाहेब, आपल्या गावावर कुणाचं प्रेम न्हाई असं दिसतंय," ते मला म्हणाले होते, अगदी मनापासून.

अडचण एवढीच होती की त्या खोलीत कांताबाईंचं पाळणाघर होतं.

कांताबाई बौद्धवाडीतल्या. वय पंचावन्न असेल. सोसायट्यांमधे धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका, हॉस्टेलच्या मेसमधे पोळ्या लाटणाऱ्या बायका, यांची सव्वीस पोरं ही बाई सकाळी सातपासून सांभाळते. बायका बहुतेक बाहेरून आलेल्या, कुणी यवतमाळच्या, कुणी हिंगोलीच्या. घरी सासू नाही, नणंद नाही. खोली गेली तर पोरं कुठं ठेवणार, आणि पोरं ठेवायला जागा नाही म्हटल्यावर कामं टिकणार कशी? हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कळणं हा माझ्या कामाचा भाग नाही, असं मी स्वतःला बरेच वेळा समजावलं होतं.

त्यांनी खोलीसाठी अर्ज केला. मी परत केला, समास सोडला नव्हता. दुसरा अर्ज आला, त्यावर तारीख नव्हती. तिसऱ्यावर विषय लिहिला नव्हता. चौथा अर्ज इतका चोख होता की मला काही सापडेना, तेव्हा मी तो ठेवून घेतला आणि कपाटात टाकला.

एप्रिलच्या शेवटी त्या कार्यालयात आल्या. कडेवर एक झोपलेलं पोर होतंच.

"भाऊसाहेब, जय भीम. खोलीचं काय ठरलं?"

"ठरायचंय. ग्रामसभा ठरवील."

"आन् पोरांचं?"

"पर्यायी व्यवस्था यथावकाश करण्यात येईल. तसं लिहिलंय विषयात."

"यथावकाश म्हंजे?"

"म्हणजे सवडीनं."

"पोरं सकाळी सातला येत्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू का, सवडीनं मोठी व्हा म्हणून?"

मी कागद चाळायला लागलो. समोरचा माणूस बरोबर बोलायला लागला की मी कागद चाळतो, ही माझी जुनी सवय आहे.

"सभेला येऊन सांगा तुमचं म्हणणं," मी म्हटलं. "अकराला या."

"अकराला कसं यायचं? अकराला दुसऱ्या खेपेची कामं सुरू होत्यात सगळ्यांची. दहा ते अकरा, तेवढाच वेळ असतोय."

"एक मेला सुट्टी असते हो."

"ती कामगारांची," कांताबाई म्हणाल्या. "म्याडमलोक घरी असतात त्या दिवशी. दुप्पट भांडी."

मग त्यांनी विचारलं, "दहाला एक सभा असती ना? तिला शंभर माणूस आलं तर?"

मला हसू आलं. "कांताबाई, शंभर माणसं फक्त लग्नाला येतात. आणि नुसती माणसं नाही, मतदार लागतात. या गावच्या यादीत नाव असलेले."

"असं व्हय," त्या म्हणाल्या आणि पोर दुसऱ्या कडेवर घेऊन गेल्या.

मी विसरून गेलो. तीस तारखेला संध्याकाळी चहा पिता पिता दहाच्या सभेचं पान लिहून टाकलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

एक मेला आठला शाळेत झेंडा झाला. पावणेदहाला मी कार्यालयासमोरच्या मांडवात टेबल लावून बसलो. हिंमतरावांनी वहिनींना सोडलं, काच खाली करून मला म्हणाले, "उरका तुमचं, आलोच अकराला," आणि गेले. वहिनींनी बसल्या बसल्या पानावर सही केली, हातातला वाक्याचा कागद नीट केला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. त्या नेहमी खालीच बघतात.

दहाला पाच कमी असताना नाक्याकडून बायका यायला लागल्या. आधी सात-आठ. मग पंधरा. मग मी मोजायचं सोडून दिलं. कुणाच्या ओढणीला अजून साबणाचा ओलावा, कुणाच्या हाताला कणीक. दोन-तीन वॉचमन युनिफॉर्मवरच आले होते. मेसमधला एक आचारी. पोरं तर होतीच, सव्वीसच्या सव्वीस. पुढे कांताबाई. सगळे येऊन गपचूप सतरंजीवर बसले.

"पोपट," मी म्हटलं, "मोज."

पोपट मोजून आला. "एकशेनऊ. पोरं सोडून."

मी शेवटचा उपाय केला. "हजर राहणाऱ्यांची नावं मतदार यादीत पाहिजेत," मी मोठ्यानं म्हणालो. "नुसतं येऊन बसलं म्हणजे सभा होत नाही."

कांताबाईंनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. एकेक नाव, त्यापुढे यादीतला भाग, त्यापुढे अनुक्रमांक. पुढे कळलं, दीड वर्ष ही बाई एकेकीचं नाव यादीत चढवत फिरली होती आणि मला पत्ता नव्हता. आणि समास. डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडला होता. मी दहा नावं यादीशी ताडून पाहिली, दहाही बरोबर. उरलेली पाहायची हिंमत झाली नाही.

दहा वाजले. वहिनी उठल्या. कागदात बघून, नेहमीच्या एका सुरात त्यांनी वाचलं, "गणपूर्तीअभावी आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

पोपटानं टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी हललं नाही. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. वाचलं एकदाचं, सुटलो.

"वहिनी," कांताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता. "जरा वर बघा की."

वहिनींनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. पुढच्या रांगेत एक पोरगं मांडी घालून बसलं होतं, ते त्यांच्याकडे बघून हसलं. वहिनींनी कागदाची घडी घातली, मग उलगडली, मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊसाहेब, आता काय वाचू?"

माझ्याकडे काही नव्हतं. तीन वर्षांत मी यांच्यासाठी एकच वाक्य लिहिलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कुणीतरी हायवेवर खबर पोचवली होती. हिंमतराव. "किती जमलेत? ऐका, तिला म्हणावं तहकूब कर. आम्ही ट्रॅफिकमधी अडकलोय, सुट्टी असून बी कंपनीच्या बसनं रस्ता खाल्लाय सगळा. तहकूब म्हंजे तहकूब."

मी फोन हातात धरून वहिनींना हळूच म्हटलं, "साहेब म्हणतात, तहकूब करा."

"ते सभेला आलेत का?" वहिनींनी विचारलं.

"नाही. वाटेत आहेत."

"मग त्यांचं बोलणं कसं घेता येईल?" त्या म्हणाल्या. "हजेरी नाही लागली अजून त्यांची."

नियम म्हणून बघितलं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी फोन बंद केला. हे शौर्य बिर्य नव्हतं. पुढे काय करावं ते सुचत नसलं की माणूस बटण दाबतो.

"मावशी, काय म्हणणं आहे तुमचं?" वहिनींनी कांताबाईंना विचारलं.

कांताबाई उठून चार वाक्यं बोलल्या. खोली पाडू नये. पाळणाघर आहे तिथंच राहावं. अक्षरं कुठंही उभी राहतील, पोरं राहणार नाहीत. आणि साडेदहा होत आलेत, जरा लवकर घ्या. वहिनींनी हात वर करायला सांगितले. एकशेनऊ हात वर झाले, आणि पोरांचेही, ते पोपटानं गाळले.

रजिस्टरच्या उजव्या पानावर माझी तहकुबी आधीच लिहिलेली होती, सहीसकट. डावं पान कोरं होतं. मी ते समासासाठी सोडलेलं असतं. त्यावर मी ठराव लिहिला. साडेदहा होत आले होते, घाईत अक्षर पार बिघडलं. वहिनींनी तो ठराव सही करण्याआधी दोनदा वाचला. तीन वर्षांत पहिल्यांदा मला थांबावं लागलं.

पावणेअकराला बायका निघाल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी हार आणला नव्हता. उशीर झाला तर म्याडम ओरडतील, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कांताबाई पोरांची माळ करून नाक्याकडे गेल्या.

अकराला हिंमतराव आले. बरोबर आठ माणसं. कपाळाला घाम, शर्टावर तर्रीचा डाग. त्यांनी मांडव बघितला, रिकाम्या सतरंज्या बघितल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. टेबलाशी येऊन रजिस्टर फिरवलं. नजर बरोबर उजव्या पानावर गेली.

"सभा तहकूब झालीय की," ते म्हणाले. "हे काय, भाऊसाहेबांचं अक्षर. हिची सही. उगाच घाबरवलं लोकांनी. चला, बसा रे सगळे. विषय एक, सेल्फी पॉइंट."

"डावं पान बघा," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. वाचायला वेळ लागला, अक्षर तसंच होतं. चेहरा हळूहळू लाल झाला. मग त्यांनी ते पान तळहातानं झाकलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "असं आहे भाऊसाहेब, माणसाकडून एखादं पान चुकून लिहिलं जातं. उजवं पान चांगल्या अक्षरात आहे. तेच खरं धरू. तहकूब सभेला माणसं लागत न्हाईत, आपण नऊ आहोत, भरपूर झालं." आणि वहिनींकडे न बघताच, "सरक गं जरा."

वहिनी सरकल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. हिंमतरावांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पुन्हा म्हणाले, "दीपा, सरक."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी घडी घातलेला कागद उलगडला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. समोर बघितलं. एकेकावर बोट धरत मोजलं, नवऱ्यासकट. नऊ.

"दहाची सभा झाली," त्या म्हणाल्या. "संपली. ती तहकूब नव्हती. ही आता नवी सभा. नव्या सभेला शंभर लागतात." मग त्यांनी श्वास घेतला आणि त्यांना पाठ असलेलं एकमेव वाक्य म्हटलं. "गणपूर्तीअभावी आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

पोपटानं टाळ्या वाजवल्या. सवयच त्याला.

हिंमतराव माझ्याकडे वळले. "असं करता येतं का हो?"

सात वर्षं हा माणूस मला हाच प्रश्न विचारत होता आणि मी दर वेळी त्याला हवं ते उत्तर देत होतो. मी पेन उघडलं. उजव्या पानावर 'सकाळी दहा वाजता' असं होतं, त्यातल्या दहावर रेघ मारली, वर अकरा लिहिलं आणि बाजूला आद्याक्षरं टाकली. बाकी पानात एका शब्दाचीही दुरुस्ती लागली नाही.

"येतं," मी म्हटलं.

तहकूब सभा पुन्हा भरवायलाही सरपंचच लागतो, हे हिंमतरावांना तेवढ्यात उमगलं असावं. गाडीत बसले, दार आपटलं आणि वहिनींना न घेताच गेले. वहिनी उन्हातून चालत घरी गेल्या. घरी काय झालं ते मला माहीत नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं, पण मी विचारलं नाही, आणि मला ऐकायचंही नव्हतं.

चार तारखेला सकाळी वहिनी कार्यालयात आल्या. सभा नव्हती, झेंडा नव्हता, काही नव्हतं. एकट्या आल्या होत्या, रिक्षानं. पर्समधून चष्मा काढला. नवा होता, काचेवरचा कागदी टिकला अजून तसाच होता.

"तीन वर्षांची रजिस्टरं द्या," त्या म्हणाल्या. "कशाकशावर सह्या केल्यात ते वाचायचंय."

मी दिली. त्या दिवसभर वाचत होत्या. मधे पोपटानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. दुपारनंतर त्यांनी कपाट उघडायला सांगितलं, आणि आवक नोंदीवर बोट ठेवत एकेक कागद मागायला लागल्या. साडेचारच्या सुमाराला त्यांच्या हातात कांताबाईंचा चौथा अर्ज आला. तोच, चोख असलेला. त्याच्यावर 'सरपंच यांचेकडे सादर' असा शिक्का होता. मीच मारलेला.

त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा मला कधी दाखवला नाहीत, भाऊसाहेब."

उत्तर माझ्या ओठावर तयारच होतं. अशा उत्तरांवरच सात वर्षं काढली होती मी, आणि ते नियमालाही धरून होतं.

"तुम्ही कधी मागितला नाहीत, वहिनी," मी म्हटलं.

म्हटलं आणि मलाच कसंतरी झालं. खाली मान घालून मी कागद चाळायला गेलो. चाळायला समोर कागदच नव्हते, सगळे त्यांच्याकडे होते.

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "आता मागते. असे आणखी किती आहेत?"

मी पोपटाला खालच्या कप्प्याची किल्ली दिली.